राजमाचीची वाट: कुठे पडायचं, कुठे हसायचं

पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाची किल्ल्यावर चालत जायचं, साधारण १५ किलोमीटर. तुंगार्ली मागे पडली, डांबर संपलं की लाल चिखल सुरू होतो. पहिला तासभर आमच्या आठ-दहा जणांत सगळे सभ्य असतात. ऑफिसवाले ऑफिसवाल्यांशी बोलतात, नवीन आलेला एकटाच पुढे चालतो. मग कुठेतरी 'धप्प' होतं.

त्या आवाजानंतर जे होतं ते नीट बघण्यासारखं असतं. सगळे क्षणभर गप्प. नजरा पडलेल्याच्या तोंडाकडे. तो मान वर करतो, चिखलाने भरलेले तळवे बघतो, 'काही नाही, काही नाही' म्हणतो आणि मगच हशा फुटतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांची हसण्याबद्दलची उपपत्ती इथे चपखल बसते: धोका वाटला होता तो खोटा निघाला, हे बाकीच्या कळपाला ओरडून सांगणं म्हणजे हसणं. धावत येऊ नका, हाड शाबूत आहे. म्हणूनच पडलेला घोटा धरून बसून राहिला तर हशा घशातच अडकतो.

माणूस इथे घसरतो तो बहुतेक वेळा लांब टांग टाकल्यामुळे. पाय पुढे फेकला की टाच आधी टेकते, जोर खाली न जाता पुढे जातो आणि ओल्या मातीवरच्या पाण्याच्या पातळ थरावरून बूट सटकतो. उपाय कंटाळवाणा आहे: पावलं अर्धी करा, अख्खा तळवा टेकवा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. उतारावर भीतीने मागे रेलणारा हमखास बसतो. चिखलापेक्षा कातळावरचं हिरवं-काळं शेवाळ वाईट, त्यावर खाचांचे बूटही फारसे चालत नाहीत. तोल गेलाच तर हात ताठ करून टेकवू नका, मनगट जातं. सरळ खाली बसा. पाठीवर सॅक असली तर निम्मा मार तीच खाते. (डबा सॅकच्या तळाशी ठेवणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.)

पडण्याहून जास्त हसवतो तो निघालेला सोल. वर्षभर माळ्यावर पडलेले बूट जूनमध्ये बाहेर निघतात, वरून नवेकोरे दिसतात. पण बऱ्याच बुटांच्या तळातला पॉलियुरेथेनचा (मऊ, फेसाळ प्लास्टिकचा) थर हवेतल्या ओलाव्याने न वापरताही कुजत असतो. चिखल सोल धरून ठेवतो, पाय वर येतो आणि माणूस फडफडणारा जबडा घेऊन चालू लागतो. निघण्याच्या आठवडाभर आधी बूट हातात वाकवून बघा. तळाच्या कडेला भेगा दिसल्या किंवा अंगठ्याने दाबल्यावर भुगा पडला, तर ते बूट घरीच ठेवा. वाटेत निघालाच तर दोन मीटर सुतळी: एक वेढा बोटांच्या मागे, दुसरा कमानीखालून वर घेऊन घोट्यामागे गाठ. टाचेखालून घेतलेली सुतळी घासून लवकर तुटते. आणि एक सोल निघाला की दुसराही त्याच वयाचा असतो, हे विसरू नका. तो निघतो तेव्हा हसू दुप्पट.

छत्री आणू नका म्हटलं तरी कोणीतरी आणतंच. दरीकाठच्या वाऱ्यात तिचं फूल होतं, आणि तेव्हा काठापासून चार पावलं आत असावं.

हसण्याला मनाई कुठे, तर ओढ्यात आणि कर्जतच्या बाजूला कोंदिवडे गावाकडे जाणाऱ्या उतारावर. पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर थांबायचं. ओलांडण्याजोगं असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, प्रवाहाकडे तोंड करून, काठी रोवून एका वेळी एकच पाय हलवायचा. तिथे कोणी खो खो हसलं की हसणाऱ्याचाच तोल जातो.

किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात पोचेपर्यंत गटाची भाषा बदललेली असते. 'अहो'चं 'अरे' झालेलं, एकाचं नाव 'धप्प' पडलेलं. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात पाहिलं की एकत्र खदखदून हसल्यावर माणसं जास्त वेदना सोसतात. शरीरात एंडॉर्फिन हे वेदना कमी करणारं द्रव्य सुटतं आणि हेच रसायन जवळीक वाढवतं, असा त्यांचा निष्कर्ष. शेवटच्या चढावर फोड आलेले पाय मुकाट चालतात त्याचं कारण आम्हाला तरी यात दिसतं.

पण खरं हसू रात्री, ओसरीवर, पिठलं-भाकरी झाल्यावर. पडलेलाच पडण्याची नक्कल करून दाखवतो. भरताने नाट्यशास्त्रात हास्य आत्मस्थ आणि परस्थ असं सांगितलंय: स्वतः हसणं आणि दुसऱ्याला हसवणं. इथे एकाच माणसात दोन्ही. भरताचे हास्याचे सहा प्रकार स्मितापासून सुरू होतात आणि अतिहसिताशी संपतात, ज्यात डोळ्यांत पाणी येतं आणि दोन्ही हातांनी बरगड्या धरल्या जातात. चौथ्यांदा तीच नक्कल झाली की ओसरीवरचे अर्धे लोक तसेच बसलेले असतात. नक्कल मात्र पडलेल्यानेच करावी. दुसऱ्याने केली की ती चेष्टा होते, आणि नवीन माणूस तिथेच मिटतो.

झोपण्याआधी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. चुलीजवळ ठेवू नका, सकाळी सुतळी कमी पडेल.