काठालगतच्या पाण्यातून पाच किलोमीटर

नदीवरची कयाकची, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायच्या होडीची, शर्यत रविवारी सकाळी आठला होती. मी शनिवारी दुपारीच नदीवर पोचले आणि गाडीवरची होडी उतरवण्याआधी काठाकाठाने अडीच किलोमीटर वरच्या अंगाला चालत गेले. मला एकच सल्ला द्यायची मुभा असती तर मी हाच दिला असता: वल्ही हातात घेण्याआधी नदी पायी बघून या.

मार्ग साधा होता. पादचारी पुलाजवळून सुरुवात, अडीच किलोमीटर प्रवाहाच्या विरुद्ध, नारिंगी बोयाला (दोराने बांधलेल्या तरंगत्या खुणेला) वळसा आणि त्याच वाटेने परत. पाणी संथ, कुठेही खळाळ नाही, म्हणूनच ही शर्यत हौशी लोकांसाठी ठेवलेली. पण संथ पाणीही वाहत असतंच. पुलावरून एक काटकी मधल्या धारेत टाकली आणि वीस मीटरवरच्या झाडापर्यंत जायला तिला किती वेळ लागतो ते घड्याळात बघितलं. साधारण एक मिनिट लागलं. मग काठापासून तीन-चार हातांवर दुसरी टाकली. तिला त्याच अंतराला अडीच मिनिटं लागली.

याचा हिशोब मी त्या रात्री कागदावर मांडला. मधल्या धारेची ओढ ताशी १.२ किलोमीटर, काठालगतची ताशी अर्ध्या किलोमीटरहूनही थोडी कमी. माझी होडी संथ पाण्यात ताशी सात किलोमीटर जाते असं धरलं, तर मधून वर जायला जवळजवळ २६ मिनिटं लागणार आणि काठाने २३. दंडात जराही जास्त जोर न लावता तीन मिनिटं वाचतात. येताना उलट, मधली धार तुम्हाला फुकट घेऊन येते. वळणांवर हेच सूत्र थोडं सरकतं: वेगाचं आणि खोल पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाला जातं, आतल्या बाजूला ओघ मंद आणि तळ वर आलेला असतो.

मग सगळेच काठाला चिकटून का जात नाहीत? कारण उथळ पाणी होडी धरून ठेवतं. हे मला आधी ऐकून माहीत होतं, अंगाला कळलं ते शर्यतीत. होडी स्वतःची लाट ढकलत जाते आणि त्या लाटेच्या वेगाला पाण्याच्या खोलीची मर्यादा असते. खोलीला गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने गुणून वर्गमूळ काढलं की तो वेग मिळतो. एक मीटर खोलीला तो ताशी अकरा किलोमीटरच्या वर येतो, अर्ध्या मीटरला ताशी आठ, तीस सेंटीमीटरला जेमतेम सव्वासहा. तुमचा वेग त्या आकड्याच्या जवळ गेला की होडीचं मागचं टोक खाली बसतं, पुढचं उचलतं, मागे उभी लाट तयार होते आणि कितीही जोर केला तरी वेग फारसा वाढत नाही. म्हणून वर जाताना काठ धरायचा, पण पायाखाली साधारण मीटरभर पाणी राहील इतका बाहेरून. खोली मोजायला वेगळं काही लागत नाही. उभं धरलेलं वल्हं निम्म्याच्या आसपास बुडालं आणि तळाला लागलं नाही, तर चिंता नाही.

आणखी एक गोष्ट चालताना लक्षात आली. नदीचा डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरतो. सकाळच्या सूचनांमध्ये 'डाव्या काठाला आडवं झाड पडलंय, लांब राहा' असं सांगितलं, तेव्हा वर जाणाऱ्यांसाठी ते उजव्या हाताला होतं. माझ्या शेजारच्या दोघांचा तिथेच गोंधळ उडाला. ते झाड मी आदल्या दिवशी पाहिलेलं असल्यामुळे मला विचार करावा लागला नाही. पाण्यात पडलेल्या झाडाला हलकं समजू नका. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस आणि होडी अडकते, आणि मागून येणारं पाणी दाबत राहतं. संथ नदीवरची ही सगळ्यात गंभीर जागा.

आता होडीविषयी. माझी प्लॅस्टिकची, ३.७ मीटरची, रुंद, सहलीला नेण्याची कयाक आहे. ऑलिंपिकमध्ये सपाट पाण्यावरच्या कयाक-कॅनू शर्यती १९३६च्या बर्लिनपासून आहेत. तिथली एकट्याची कयाक जास्तीत जास्त ५.२ मीटर लांब आणि किमान १२ किलो वजनाची असते, आणि पुरुषांतले अव्वल खेळाडू तिच्यातून १००० मीटर साडेतीन मिनिटांच्या आत पार करतात. ती होडी इतकी अरुंद असते की नवख्याला तिच्यात नुसतं बसून राहणंही जमत नाही. हौशी शर्यतीत अशा होड्यांचा गट वेगळा असतो, म्हणून त्यांच्याकडे बघून खचायचं कारण नाही. गट बहुतेक होडीच्या लांबीवर पडतात, तेव्हा नाव नोंदवण्याआधी टोकापासून टोकापर्यंत स्वतः फीत लावून मोजा.

लांबीला महत्त्व का, तेही सांगते. आखूड होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी साडेतीन मीटर असेल तर ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास ही भिंत उभी राहते. त्यापुढे दुप्पट ताकद लावली तरी वेग जरासाच वाढतो. हे समजलं की शर्यत कशी लढायची ते आपोआप ठरतं: भिंतीच्या थोडं अलीकडे, एकसारख्या लयीत, शेवटपर्यंत. मधेच जोर मारून दमायचं आणि मग रेंगाळायचं, याने आपल्यासारख्यांच्या होड्यांत वेळ फक्त वाया जातो.

सकाळी मी हे सगळं जाणून असूनही पहिल्या दोनशे मीटरमध्ये चुकले. सुरुवात सामुदायिक होती, तीसेक होड्या एका ओळीत. शिट्टी वाजली, सगळे तुटून पडले आणि मीही पडले. इतक्या वल्ह्यांनी पाणी घुसळलं की होडी चारी बाजूंनी डचमळायला लागली, वल्ह्याचं पातं कधी पाण्यात तर कधी हवेत. श्वास लागला तो पुढची पाच-सहा मिनिटं बसलाच नाही. तुम्ही ओळीच्या कडेला, काठाकडच्या बाजूला उभे राहा. तिथे पाणी कमी घुसळतं, आणि गर्दी पांगली की तुम्ही आधीच हव्या त्या वाटेवर असता. सुरुवातीची ओळ प्रवाहात असेल तर होडी सतत खाली सरकते. दर काही सेकंदांनी दोन हलके हात मारून जागा धरावी लागते, नाहीतर शिट्टीच्या वेळी तुम्ही ओळीच्या मागे असता.

श्वास जाग्यावर आला तो एका निळ्या होडीच्या मागे. ती बाई माझ्याहून किंचित वेगात, अतिशय सारख्या लयीत चालली होती. तिच्या मागच्या लाटेवर माझ्या होडीचं टोक बसलं आणि एकदम भार कमी झाल्यासारखं वाटलं, उतारावरून चालल्यासारखं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत हे लाट धरणं मान्य डावपेच आहे, आखलेल्या पट्ट्यांतून होणाऱ्या छोट्या शर्यतींत मनाई असते. हौशी शर्यतीत काय नियम आहे ते सकाळच्या सूचनांच्या वेळी विचारून घ्या. परवानगी असेल तर मागून धरा किंवा बाजूने, पण तिच्या वल्ह्याला धक्का लागणार नाही इतकं अंतर ठेवा, आणि जमलं तर थोडा वेळ पुढे होऊन तिलाही विसावा द्या. मी एकदा पुढे गेले. तिने मान हलवून आभार मानले. त्या सकाळचा तो क्षण मला सगळ्यात जास्त आवडला.

पुलाच्या खांबांमागे, म्हणजे खालच्या अंगाला, पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. वर जाताना त्या आडोशाने खांबापर्यंत जाऊन मग बाहेर पडता येतं. पण बाहेर पडताना टोक धारेत शिरतं आणि शेपूट आडोशात राहतं, त्यामुळे होडी गर्रकन फिरते. दोन पक्के हात मारून एकदम निघा. येताना मात्र कमानीच्या मधूनच जा.

बोयाचं वळण नीट घेता आलं तर बरीच होड्यांची गर्दी तिथेच मागे पडते. मी बोयाच्या बरोबरीला आले आणि लगेच वळले. होडी आडवी झाली त्याच क्षणी ओघाने मला खाली ढकललं आणि बोयाचा दोर माझ्या वल्ह्यात आला. दहा-बारा सेकंद गेले, शिवाय मागून आलेल्या दोघांची वाट अडली याचं जास्त वाईट वाटलं. प्रवाहाविरुद्ध जाऊन वळायचं असेल तर बोया मागे टाकून होडीभर लांब वर जा, मगच वळा. ओघ तुम्हाला आपोआप खाली आणतो. बाहेरच्या बाजूने, पावलांपासून पार मागच्या टोकापर्यंत, लांब अर्धगोल हात मारा. दोन-तीन हातांत होडी फिरते.

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. वल्हं खाली, हात छोटे आणि जरा भरभर, पाठ ताठ. वल्हवणं दंडाने करू नका. पातं पावलांजवळ पाण्यात, धड वळवायचं, पाय आधाराच्या पट्टीवर दाबायचा, पातं कमरेशी आलं की बाहेर. पट्टी गुडघा किंचित वाकलेला राहील अशी आदल्या दिवशीच लावून ठेवा. माझी एक भोक लांब होती आणि शेवटच्या किलोमीटरला डावी मांडी आखडली.

माझा वेळ ४७ मिनिटं लागला. निळी होडी माझ्या अर्धा मिनिट पुढे होती.

तयारीचं थोडक्यात. लाईफ जॅकेट सगळे बंद लावून, अंगासरशी. खांद्यांना धरून कोणी वर उचललं तर हनुवटीपर्यंत येता कामा नये. कपडे हवेच्या नाही, पाण्याच्या थंडाव्याच्या हिशोबाने घाला, कारण पाणी अंगातली ऊब हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने खेचतं. होडीच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या नसतील तर बसवून घ्या. दीडशे लिटर पाणी भरलेली होडी म्हणजे दीडशे किलो जास्तीचं ओझं, ते काठाला ओढणं दोघांनाही जड जातं. उलटलात तर होडी सोडू नका, प्रवाह जिकडून येतो त्या, तिच्या वरच्या अंगाला राहा, म्हणजे ती तुम्हाला कशावर दाबणार नाही. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दगडांत अडकलं तर ओघ माणसाला पुढे पाडतो. आदल्या दोन दिवसांत वरच्या भागात पाऊस झालाय का तेही विचारा. मी पाहिलेली नदी आणि पावसानंतरची नदी यांत काटकीचा हिशोब पार बदलतो.

घरी निघण्याआधी होडी उपडी करून सगळं पाणी काढा, चिखल आणि पाणवनस्पती धुवा आणि दुसऱ्या नदीत नेण्याआधी पूर्ण वाळू द्या. काही शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात आणि ओल्या होडीतूनच एका नदीतून दुसरीत जातात. त्या दिवशी काठावर मी एकटीच होडी पुसत बसले होते. पुढच्या वेळी तुम्हीही दहा मिनिटं थांबा.