दोन रांगा, एकच फाटक

अटलांटाहून फ्लोरिडातल्या ऑरलँडोपर्यंत सात तास गाडी ताईनेच चालवली. पहिला दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात गेला, दुसरा पावसात. तिसऱ्या दिवशी ती रांग. बाकी सहल छानच झाली, पण मला त्या रांगेबद्दल लिहायचंय.

आम्ही चौघी होतो: आई, ताई, तिची नऊ वर्षांची लेक आणि मी. ऑरलँडोत थीम पार्कं बरीच आहेत, आमचं कुठलं ते महत्त्वाचं नाही. तिकिटं आधीच काढली होती. रांग टाळायचा पास वेगळा, माणशी जवळजवळ तिकिटाएवढाच. ताईने चौघींचा हिशेब केला आणि फोन पर्समध्ये टाकला. मीही म्हणाले, "राहू दे गं, उभं राहू." आई पंढरपूरच्या दर्शनबारीत रात्र रात्र उभी राहिलेली बाई. तिला व्हीलचेअर भाड्याने घेऊ म्हटलं, तर ती नकोच म्हणाली.

फलकावर ७५ मिनिटं लिहिलं होतं. जूनचा उकाडा, वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना कठडे. रांग नागमोडी असल्यामुळे तेच चेहरे पुन्हा पुन्हा समोर येत होते. आईने राजगिऱ्याच्या वड्या काढल्या, शेजारच्या ब्राझीलच्या कुटुंबालाही दिल्या. तासाभराने ढग गडगडले. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी हे नेहमीचंच, आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. चाळीस मिनिटं सगळं ठप्प.

राइड सुरू झाली तेव्हा आम्ही दोन्ही रांगा एकत्र येतात त्या फाटकाजवळ पोचलो होतो. तिथे एक पोरगा साखळी धरून उभा. पैसेवाल्या रांगेतून वीस जण सोडायचा, मग आमच्यातले चार. मी मोजत होते. पुन्हा वीस, पुन्हा चार. "मावशी, ते आत्ताच आले ना?" भाचीने विचारलं. आई कठड्यावर सगळा भार टाकून उभी होती, एक गुडघा वाकवून. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात त्याच पलीकडच्या रांगेतून दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. कानांवर मोठे हेडफोन, वरून दोन्ही हात दाबलेले, मागून आईने खांदे धरलेले. माझ्यामागे कुणीतरी इंग्रजीत पुटपुटलं, याला काय झालंय, चांगला तर दिसतो. आणि मी ताईला मराठीत, चांगलं मोठ्याने म्हणाले, "धडधाकट तर आहे की!" त्या बाईने वळून पाहिलं. शब्द कळले नसतील, सूर कळला होता.

ताई एवढंच म्हणाली, "तो घुसलेला नाहीये गं." तिच्या शेजारच्या घरी ऑटिझम असलेला मुलगा आहे, म्हणून तिला हे ठाऊक. अशा मुलांना परत यायची वेळ देतात, साधारण साध्या रांगेला लागेल तेवढ्याच अंतराने. म्हणजे तो मुलगाही थांबलेलाच होता. फक्त या गर्दीत, या गोंगाटात नाही, बाहेर कुठेतरी.

रात्री ताईशी बोलताना बाकीचं कळलं. डिस्नीने १९९९ मध्ये रांग वाचवणारा फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. यंत्रात तिकीट घातलं की वेळेची चिठ्ठी यायची, सगळ्यांना सारखी. २०२१ मध्ये त्याच्या जागी विकतची सोय आली. अपंगांच्या सवलतीचा गैरवापरही झाला. रांग टाळण्यासाठी श्रीमंत कुटुंबं अपंग व्यक्तीला पैसे देऊन सोबत नेतात, अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या. त्याच वर्षी डिस्नीने अपंगांच्या सवलतीचं जुनं कार्ड बंद करून परत यायची वेळ देण्याची पद्धत लावली. २०२४ मध्ये ती सवलत मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती आणली. ज्यांचं दुखणं वेगळं, पण तासभर रांगेत उभं राहणं ज्यांना तितकंच अशक्य, त्यांच्यापैकी अनेकांना ती मिळेनाशी झाली.

मला सगळ्यात खटकतं ते हे, की पैसे भरणारा आणि गरज असणारा एकाच फाटकातून आत येतात. उन्हात ताटकळलेल्या माणसाला त्यातला फरक दिसत नाही. पास काढलेल्या वीस जणांकडे मी नुसती बघत राहिले, त्यांना अवाक्षर बोलले नाही. माझा राग निघाला त्या पोरावर. पास विकायचा तर विका, पण शंभरातल्या किती जागा साध्या रांगेसाठी ठेवल्यात ते फलकावर लिहा. गरजेच्या रांगेला वेगळं दार द्या. आणि रांगेत चार बाकं टाका, माझ्या आईसारख्यांसाठी.

राइड तीन मिनिटांतच संपली. भाचीला फार आवडली. बाहेर फोटोंच्या काउंटरपाशी ते दोघं पुन्हा दिसले. मुलाने हेडफोन गळ्यात उतरवले होते आणि पडद्यावर स्वतःचा फोटो बघून तो खदखदून हसत होता. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. मी पाण्याच्या नळाशी गेले, बाटली भरली, आणि ते निघून जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.