खाडे धरले न्हाईत सर

शनिवार, ११ जानेवारी २०२५. सकाळची शाळा होती म्हणून दुपारपासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि आता रात्रीचे साडेदहा वाजले, मधे लाईट गेली होती ती आत्ता आली. समोर बारावीचे सराव पेपर आणि नववीच्या वह्या असा ढीग पडलाय. बारावीचा पहिला पेपर ११ फेब्रुवारीला, बरोब्बर महिना राहिला, तरी पेपरला हात लावू वाटंना. नववीच्या तेवढ्या वह्या चाळल्या. त्यातल्याच एका वहीमुळं हे लिहायला बसलो.

मी मुळात अकरावी-बारावीचा अर्थशास्त्राचा माणूस. पण या आठवड्यात एका मॅडमची रजा आणि एका सरांचं ट्रेनिंग एकत्र आलं, त्यामुळं पाचवीचे ऑफ तास माझ्याकडं आणि वर नववीचा भूगोलही. नववीच्या भूगोलात आठवा धडा अर्थशास्त्राशी परिचय हा आहे, तेवढं निमित्त हेडसरांना पुरलं. तुमचाच विषय हाय की हो, घ्या म्हणले. म्हणजे सकाळी पेन्सिलीवरून रडणारी पोरं, दुपारी मिशा फुटल्याली, आणि विषय एकच.

पाचवीला सोमवारी सांगितलं होतं, उद्या येताना घरून कायतरी आणा, पण पैसे घालून विकत आणायचं नाही. मंगळवारी बघतो तर बाजार भरला होता. बोरं, चिंचा, गुळाचे खडे, एक मोरपीस, आणि एका पोरानं दप्तरात मावंना म्हणून हातात धरून आणलेली हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंडी. बदलाबदली करा म्हणलं. पहिल्या दहा मिनिटांत डहाळ्याचा भाव काय विचारता, एका डहाळ्याला दहा बोरं. डहाळेवाल्याची मान ताठ. मधल्या सुट्टीनंतर तेच पोरगं माझ्याकडं आलं, "सर, ह्ये सुकायलंय, कुणीच घेईना." राहिलेली अर्धी पेंडी पाच बोरांना द्यायला तयार. आणि चिंचावाली पोरगी निवांत बसून होती, तिला विचारलं तू का देत नाहीस, तर म्हणते, "चिंच कुठं नासतीय सर, उद्या बघू की." वस्तुविनिमयाच्या अडचणी अकरावीच्या पोरांकडून पाठ करून घेताना माझा घसा बसतो, आणि इथं ही पोरगी साठा करून भाव वाढायची वाट बघायलीय.

मग माझ्या आजीचा हाली रुपया दाखवला, निजामाचा. आमचं अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होतं, इथं हाली चालायचा आणि तिकडं इंग्रजी मुलखात कलदार, सहा कलदार म्हणजे सात हाली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली पण हा रुपया लगेच गेला नाही, १९५९ पर्यंत चालला. आजी तर मरेपर्यंत खऱ्या नोटेला कलदारच म्हणायची. एका पोरानं नाणं उलटसुलट करून विचारलं, "मंग बंद केलं का सर, दोन हजाराच्या नोटेसारखं?" व्हय बाबा, जवळपास तसंच.

तर मुद्दा असा की डहाळ्याचं ते सुकणं बघून एक पोरगं उठलं आणि म्हणलं, आमच्या पप्पांचं सोयाबीन बी असंच झालं. आणि सांगायलाच लागलं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ होता, पण सरकारी खरेदी सेंटरवर ओल जास्त म्हणून माल परत केला. यंदा बारा टक्क्याची अट पंधरावर आणली खरी, पण तवर खताच्या दुकानदाराची उधारी दारात उभी होती, म्हणून लातूरला आडतीवर चार हजार काहीला घालून मोकळे झाले. त्यातून हमाली तोलाई वेगळी. पोरगं क्रिकेटची मॅच सांगावी तसं सांगत होतं हे सगळं. मग दुसरं उठलं, तिसरं उठलं. आमच्या आईनं बोरमाळ बँकेत ठेवलीय. आमची आई-पप्पा कारखान्याला ऊस तोडायला गेलेत, मी आजीजवळ राहतो, येताना मला सायकल आणणारेत. शेवटी मलाच बास म्हणावं लागलं, घरचं इतकं सांगायला लागले की ऐकायला मलाच अवघड व्हायलं.

या खुशीत मी बुधवारी नववीवर गेलो आणि तिथं माती खाल्ली.

सगळ्या ट्रेनिंगमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं, परिसरातली उदाहरणं द्या. आमच्या परिसरात ऊसतोडीपेक्षा मोठं उदाहरण कुठलं असणार. फळ्यावर लिहिलं: नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मुकादमाकडनं कामाआधीच घेतलेले पैसे, एक लाख. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये, जानेवारी २०२४ ला ३४ टक्के वाढवून झालेला. दिवसाला दोन टन ऊस. तर उचल किती दिवसांत फिटेल? भागाकार केला की २७३ टन येतात, म्हणजे १३७ दिवस. साडेचार महिने नुसती घेतलेली उचल फेडायला. मला वाटलं वर्ग हादरेल, चर्चा होईल. वर्ग गप्प. पाचवीत जी गोष्ट पोरं ओरडून सांगत होती तीच इथं कुणी तोंडातनं काढंना. तेवढ्यात मागच्या बाकावरचं एक जण म्हणलं, "सर, ह्याला विचारा की, ह्याच्या घरचंच गणित हाय," आणि चारपाच जण हसले. ज्याच्याकडं बोट होतं तो पोरगा तिसऱ्या बाकावर, त्यानं मान खाली घातली आणि कर्कटकाचं टोक बाकावर घासत बसला. मी हसणाऱ्यांना रागावलो. पण रागावून काय होतंय, गणित तर मीच मांडलं होतं फळ्यावर, चांगलं ठळक अक्षरात.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. सोपं-अवघड असं काय नाहीये या विषयात, वयाचा फरक पडतो तो लाजेत. पाचवीतल्या पोराला घरची उधारी म्हणजे बातमी वाटते. नववीपर्यंत कधीतरी त्याला कळतं की हे बाहेर बोलायचं नसतंय, कोण शिकवतं माहीत नाही, पण कळतं. इकॉनॉमिक्स या शब्दाचं मूळ ग्रीक, त्याचा अर्थच घर चालवणं असा, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला मोठ्या थाटात सांगत आलो, आणि एकदासुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही की चौदा वर्षांच्या पोराला नेमकं घराचंच बोलायची चोरी असते.

बारावीला लाज नाही, कारण तिथं घरच नाही, नुसत्या व्याख्या. घटत्या सीमान्त उपयोगितेला मी येळवसाची, म्हणजे वेळ अमावस्येची, आंबील घेतली. ३० डिसेंबरलाच झाली येळवस, सगळ्यांच्या तोंडात चव होती अजून. पहिला तांब्या अमृत, दुसरा बरा, चौथ्याला नको म्हणत पळतो. सगळे हसले, आणि पहिल्या बाकावरनं प्रश्न, "सर, पेपरात आंबील लिहिली तर मार्क कटतेत का?" पुस्तकातलंच लिही म्हणालो, काय करणार. सराव पेपरात एका मुलीनं झकास लिहिलंय, गृहिणीच्या सेवांना मोबदला मिळत नसल्यामुळे त्या राष्ट्रीय उत्पन्नात धरल्या जात नाहीत. पूर्ण मार्क दिले. हीच पोरगी गेल्या महिन्यात चार दिवस शाळेत नव्हती, घरी तुरीची रास होती आणि सगळ्यांच्या भाकरी तिच्यावर. उत्तर लिहिताना तिला ते आठवलं असेल का कुणास ठाऊक. विचारायचं धाडस नाही आता माझ्यात, बुधवारनंतर.

काल शुक्रवारी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ हात धुवत होतो. तिसऱ्या बाकावरचा तो पोरगा बाजूला येऊन उभा राहिला. बाटली भरत भरत, माझ्याकडं न बघता म्हणला,

"सर, त्ये गणित चुकलंय."

"कुठं रे?"

"खाडे धरले न्हाईत तुम्ही. आई आजारी पडली की खाडा. खाड्याचे पैसे मुकादम उलटे कापतंय. अन् आठवड्याला खर्ची देत्यात ती बी उचलीतच चढती."

मी गप्पच. तर पुढं म्हणला, "अन् वाढं बी न्हाई धरलं, उसाचे शेंडे. वाढं इकलं की मीठ-मिरची भागती त्यात."

म्हणजे माझा जमेचा रकाना अर्धा आणि खर्चाचा पण अर्धा. विचारलं, मग फिटते का रे उचल? "फिटती कधी. बाकी राहिली की मंग पुढल्या साली त्याच मुकादमाकडं जावं लागतंय." बाटलीला टोपण लावलं आणि गेला. त्याच्या वाक्यात मजूर बांधला कसा जातो ते सगळं आलं, मला फळ्यावर तास लागला असता. बुधवारी त्याची माफी मागायची राहिली होती, ती कालपण राहिलीच, तो थांबलाच नाही.

आज सकाळी नववीवर गेल्या गेल्या तेच गणित परत लिहिलं. १३७ दिवसांखाली तीन रकाने काढले: खाडे, खर्ची, वाढं. आकडे अंदाजे घातले, खाडे पंधरा लिहिले. कुणाचं नाव नाही, कुणाला उभं केलं नाही, सगळ्यांनी आपापल्या वहीत करा म्हणालो. बुधवारी बोट दाखवणाऱ्यानंच विचारलं, "सर, ह्ये कोणत्या पानावर हाय?" माझ्या नोट्समध्ये आहे म्हणून सांगितलं. खोटंच. तिसऱ्या बाकावर पट्टीनं रेघा मारणं चालू होतं, त्यानं वर बघितलं नाही.

आणि आता वह्या चाळताना त्याची वही हाताला लागली. अक्षर बारीक, रकाने सरळ, सगळं फळ्यावरचं जसंच्या तसं. फक्त खाड्यांसमोर माझे पंधरा खोडून त्यानं पंचवीस केलेत आणि पुढचा सगळा हिशोब त्याप्रमाणं बदललाय. दोनदा तपासला, बेरीज-वजाबाकी कुठं चुकली नाही. लाल पेननं बरोबरची खूण केली आणि वही ढिगात मधे कुठंतरी घातली.