रानात मुलांसह दोन रात्री

पहिल्या पहाटे धाकटीने मला हलवून उठवलं आणि तंबूचं छत दाखवलं. आतून थेंबच थेंब. तिला वाटलं पाऊस गळतोय. पाऊस नव्हताच, चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमली होती. थंडी वाजते म्हणून मीच रात्री सगळ्या खिडक्या बंद करून टाकल्या होत्या. दुसऱ्या रात्री वरच्या दोन्ही उघड्या ठेवल्या, ओले कपडे बाहेरच्या पडवीत टाकले, तेव्हा फरक लगेच कळला.

खरी चूक त्याआधी, जागा निवडताना झाली. पोचायला संध्याकाळ झाली आणि दाट झाडीत अंधार लवकर पडतो. घाईत एका खोलगट जागेवर तंबू ठोकला, कारण तिथे पाचोळा मऊ होता. पण थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन अशाच खोलगट जागी साचते. पाऊस आला असता तर पाणीही तिथेच आलं असतं. सकाळी सगळं उचलून जरा उंचावर, सपाट जागी नेलं. त्यामुळे कळकळीने सांगते, किमान दोन तास उजेड हाताशी असेल असं पोचा. आणि तंबू ठोकण्याआधी मान वर करून बघा. वाळकी किंवा अर्धवट मोडून अडकलेली फांदी दिसली तर ती जागा सोडा, वारा नसला तरी.

थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. स्लीपिंग बॅगचं भरण अंगाखाली दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब राहत नाही. जास्तीचं पांघरूण आम्ही मुलांच्या अंगावरून काढून चटईखाली घातलं. त्या रात्री दोघंही सकाळपर्यंत हलली नाहीत.

मुलांना प्रत्येकी एक टॉर्च आणि एक शिट्टी द्या. आमचा नियम एकच होता: तंबू दिसेनासा होईल तिथे थांबायचं, आणि हरवलात तर झाडाला धरून तिथेच उभं राहून तीन-तीन शिट्ट्या वाजवायच्या. जेवणानंतर सगळे टॉर्च विझवून वीस मिनिटं गप्प बसलो. डोळे अंधाराला सरावले तसे आधी झाडांचे बुंधे आणि मग पायाखालची वाट दिसायला लागली. थोरल्याने माझा हात सोडला तो तेव्हा.

रोज संध्याकाळी मुलांच्या कानामागे, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे गोचीड शोधा. आम्हाला थोरल्याच्या गुडघ्यामागे एक सापडली, तिळाएवढी. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. तेल लावू नका, चटका देऊ नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

शेकोटी परवानगी असेल तिथेच. विझवताना पाणी ओतून राख ढवळा, पुन्हा ओता, हात जवळ नेऊन धग लागत नाही ना ते बघा. उबेसाठी निखारे तंबूत मात्र कधीही नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत काहीच कळत नाही.

शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करा. खाण्याचं काहीही तंबूत ठेवू नका.

घरी आल्यावर तंबू उघडून पूर्ण वाळवा, ओला गुंडाळला तर बुरशी धरते. आमचा दोन दिवस दोरीवर होता. झटकताना मूठभर पाचोळा पडला, आणि आवरताना जी एक मेख कमी भरली होती तीही.