आमची वाटचाल : डिचोलीतली लॅब

2009 साली गोव्यातल्या डिचोलीत लॅब उघडली तेव्हा आमचा धंदा खाणींच्या जिवावर चालायचा. ट्रकवाले, कंपन्यांचे कामगार, त्यांची साखर, लिपिड, मेडिकल फिटनेस. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि हे गिऱ्हाईक आटलं. राहिल्या त्या बायका. सत्तरी तालुक्यातून कदंबच्या बसने यायच्या, हिमोग्लोबिन नाहीतर थायरॉईड करायला. रक्त देऊन झालं की बाही खाली ओढता ओढता हळूच विचारायच्या, "बाय, अंगावरून पांढरं जातं, ते रक्तात कळतं काय?"

रक्तात नाही कळत. डॉक्टरकडे जा म्हटलं की मान हलवायच्या, पण आतल्या तपासणीच्या भीतीने जायच्या नाहीत. मग औषधाच्या दुकानातून खाजेची गोळी. ती कॅन्डिडा या बुरशीवर चालते. जिवाणूंचा समतोल बिघडला असेल किंवा ट्रायकोमोनास हा संबंधांतून पसरणारा परजीवी असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून बाईने स्वतःच नमुना घ्यावा असं ठरवलं, आणि आधी संडासाचं दार बदललं. आतून घट्ट बसणारी कडी, पिशवी अडकवायला हूक, नळी ठेवायला फळी, भिंतीवर चित्रांचा तक्ता. स्वॅबची, म्हणजे टोकाला बोळा असलेली काडी योनीत साधारण दोन इंच आत घालायची, हळू फिरवायची, नळीत टाकून खुणेवर मोडायची. क्लॅमिडिया आणि गनोरिया या संबंधांतून पसरणाऱ्या जंतूंच्या पीसीआरसाठी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) बाईने स्वतः घेतलेला स्वॅब डॉक्टरने घेतलेल्याइतकाच चालतो. हे पटवायला बायकांपेक्षा डॉक्टरांकडेच जास्त फेऱ्या झाल्या.

पीसीआर आम्ही बाहेर पाठवतो. स्वस्तातलं काम मात्र इथेच होतं. स्रावाचा आंबटपणा दाखवणारी पीएचची पट्टी 4.5 च्या वर गेली की कॅन्डिडा एकटा असण्याची शक्यता कमी. मग सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड. पेशींच्या कडा जिवाणूंनी भरून धूसर दिसल्या की त्या क्लू सेल्स, म्हणजे जिवाणूंचा समतोल बिघडल्याची खूण. ट्रायकोमोनास वळवळताना दिसला तरच ओळखू येतो, म्हणून ती स्लाइड ताजी लागते. केरीहून बसने आलेल्या नमुन्यात तो कधीच थंड झालेला असतो. ताज्या स्लाइडवरही बऱ्याचदा निसटतो, तिथे पीसीआरच बरा.

लघवीवरही क्लॅमिडिया तपासता येतो, पण त्याला सुरुवातीची धार लागते आणि आधी तासभर लघवीला गेलेलं चालत नाही. कल्चरसाठी मधली धार. हा उलटा हिशेब नव्या मुलींना शिकवताना माझा घसा बसतो.

एका मोठ्या लॅबचा माणूस एकाच नमुन्यात डझनभर जंतू शोधणारं पॅनेल विकायला आला होता. मार्जिन चांगलं होतं. पण युरियाप्लाझ्मासारखे जंतू धडधाकट बायकांतही सापडतात. रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' दिसलं की विनाकारण गोळ्या सुरू. नको म्हटलं.

एचपीव्हीचं वेगळं. त्या विषाणूने गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून तो कर्करोगाच्या तपासणीचा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शनात तिथेही स्वतः घेतलेला नमुना मान्य केलाय, आणि आपल्या वेर्ण्याची मोलबायो ही कंपनी तिच्या ट्रूनॅट यंत्रावर चालणारी ही चाचणी बनवते. तिशी ओलांडलेल्यांना आम्ही आवर्जून सांगतो.

ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मात्र आम्ही स्वॅबवर थांबवत नाही, सरळ डॉक्टरकडे धाडतो. गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत चढलेला आजार काडीवर ठरत नाही. तिथे हाताने तपासावंच लागतं.

रिपोर्ट बंद पाकिटात, तिच्याच हातात. सासू विचारायला आली तरी नाही. सध्या अडतंय ते नवऱ्यांपाशी. क्लॅमिडिया किंवा ट्रायकोमोनास निघाला तर त्यांनाही औषध लागतं, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत बाई परत आमच्या दारात. त्यांना तर नुसती लघवी द्यायची असते, तरी "रविवारी बघू" म्हणतात. रविवारी आमची लॅब बंद असते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.