आज जागायची पाळी माझी

रात्री ११:२०

नळाची तोटी उघडी ठेवलीय आणि खाली स्टीलचं रिकामं पातेलं. पहिला थेंब पडला की वाजतं. पाण्याच्या रात्री सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात घरोघरी असं पातेलं मांडलेलं असतं. आज मात्र आमच्या गल्लीत ते फक्त माझ्या दारात आहे, कारण आठ घरांसाठी जागायची आजची पाळी माझी.

सासूबाई आणि लेक गच्चीवर झोपल्यात. मे महिना, पारा ४२ च्या पुढे, भिंतीला हात लावला तर अजून ऊब लागते. मागचं पाणी शुक्रवारी पहाटे आलं होतं. आज बुधवार, म्हणजे पाचवा दिवस. चावीवाल्या मामांना संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "टाकी भरलालीय वहिनी. दहालाही येईल, दोनलाही येईल. माझ्या हातात काय हाय का सांगा?" त्यांच्या हातात खरंच काही नाही. टाकी भरल्याचा निरोप आला की सायकल काढायची, एकेका पेठेच्या नळीची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, सोडायची, वेळ झाली की बंद करायची, पुढच्या चावीकडे जायचं. रात्री दोन वाजता कुत्री मागे लागतात त्यांच्या. त्यांना शिव्या देणाऱ्यांचा मला राग येतो.

रात्री ११:५५

लेकीनं परवा विचारलं, उजनी भरली तरी आपल्याला पाचव्या दिवशीच का? तिला वहीवर चित्र काढून दाखवलं.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण पाणी मावतं साधारण ११७ टीएमसी. त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारापर्यंत न पोचणारं. त्याच्या वरचं ते उपयुक्त. सोलापुरात उन्हाळ्यात पेपर उघडला की आधी उजनीचा आकडा बघतात. तो शून्याखाली गेला की 'उणे' लिहून येतो आणि शाळेतली पोरंसुद्धा 'उजनी उणे झाली' म्हणतात. शहराला पाणी येतं तीन वाटांनी: उजनीहून जलवाहिनीनं, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. हा एकरुख १८७१ साली पुरा झालेला, इंग्रजांच्या वेळचा. टाकळीला पाणी हवं म्हणून धरणातून नदीत सोडतात. ते कोरडं पात्र भिजवत, उन्हात आटत, काठावरच्या मोटारींना देत देत कितीतरी दिवसांनी टाकळीजवळच्या औजच्या बंधाऱ्यात पोचतं. नदीत किती सोडायचं आणि शहराच्या घशात किती उतरायचं, याचं गणित मांडलं तर पोटात गोळा येतो. म्हणून तर ११० किलोमीटरची नवी समांतर जलवाहिनी हवी होती.

पण गावाच्या वेशीपर्यंत पाणी येणं वेगळं आणि माझ्या तोटीतून येणं वेगळं. मध्ये टाक्या आहेत, जमिनीखालच्या जुन्या नळ्या आहेत, चाव्या आहेत. उपसा करतात तिथं तासभर वीज गेली की टाकी उशिरा भरते, पहिली पेठ दोन तास मागे जाते, तिच्यामागची तीन तास. सगळ्यात शेवटी जिची चावी, ती पेठ मध्यरात्रीत जाऊन पडते. आमची चावी शेवटून दुसरी.

आणि पाच दिवस नळी रिकामी असली की कुठं फट असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून पहिल्या दोन-तीन बादल्या आम्ही पीत नाही. त्या संडासाला, सडा टाकायला. लेक म्हणाली, "मग रोज थोडं थोडं सोडलं तर घाण नाही ना जाणार?" तिला पटकन कळलं ते मोठ्या माणसांना समजावताना दमछाक होते.

रात्री १२:४०

अजून काही नाही. पातेलं एकदा वाजलं, पण मांजर होतं.

ही जागायची पाळी कशी सुरू झाली ते लिहून ठेवायला हवं. आधी प्रत्येक घरातली एक बाई जागायची. आठ घरं, आठ बाया. पुरुष जागत नाहीत असं नाही, पण यंत्रमागावर रात्रपाळी असते, नाहीतर सकाळी लवकर जायचं असतं, आणि घागर भरणं हे बाईचंच धरून चाललेलं असतं.

समोरच्या अक्का विड्या वळतात. पहाटे पानं भिजवलेली असतात, ती कातरायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं, दुपारपर्यंत विड्या घेऊन कारखान्यात जायचं. मजुरी हजार विड्यांमागे. त्यांचं बोट एकदा चालू झालं की बघत राहावं, दोरा गुंडाळल्याचं दिसतसुद्धा नाही. मार्चमध्ये ओळीनं तीन पाळ्या रात्री दोन-अडीचच्या आल्या. तिसऱ्या वेळी भरणं उरकायला साडेचार वाजले. त्या दिवशी त्यांच्या हजारात दोनशे कमी पडल्या, आणि ज्या वळल्या त्यातल्या बऱ्याच सैल म्हणून छाटात गेल्या. संध्याकाळी पायरीवर बसून हात चोळत होत्या. "झोप नसली की बोटाला कळत नाही गं," एवढंच म्हणाल्या. पाण्याची पट्टी त्या भरतातच. पण त्या रात्रीच्या पाण्याला त्यांनी आणखी किती पैसे मोजले, ते कुठल्याच पावतीवर येत नाही.

आणि मास्तर. वरच्या मजल्यावर एकटे राहतात, सत्तरी ओलांडलेले, कन्नड शाळेत शिकवायचे. एप्रिलमध्ये एका पाळीला त्यांना जाग आली नाही. पाणी आलं, गेलं. पुढचे पाच दिवस त्यांनी जारच्या पाण्यावर काढले. पिण्यालाही तेच, अंघोळीलाही तेच, तेही एक दिवसाआड. आम्हाला कुणाला पत्ता नाही. जारवाल्या पोरानं सहज म्हटलं, "मास्तर लई जार घेलालेत हल्ली," तेव्हा मी वर गेले. म्हणाले, "शेजाऱ्याकडं पाणी मागायला लाज वाटली बघ." आयुष्यभर पोरांना शिकवलेला माणूस, शेजारी सात घरांत हौद भरलेले, आणि तो ओला पंचा अंगावरून फिरवून दिवस काढतोय. त्या दिवशी मी जिन्यातच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर सगळ्या जमलो. अक्का, कोपऱ्यावरची भाभी, पलीकडच्या वहिनी, सासूबाई. ठरलं असं: एका पाळीला एकच बाई जागेल. पाणी आलं की ती सगळ्यांची दारं वाजवेल. मास्तरांचं पाणी खालच्या घरातला मुलगा चढवेल. आणि पहिला अर्धा तास कुणीही नळाला मोटार लावायची नाही. या शेवटच्या गोष्टीवर दोन तास वाजलं. ज्यांचं घर नळीच्या तोंडाला आहे त्यांना दाब मिळतो, तरी त्यांनीच मोटार लावली की शेवटच्या भाभीकडे नुसती हवा येते. भाभीनं शांतपणे सांगितलं, "बहन, तुमची मोटार चालू झाली की माझा नळ श्वास घेतो, पाणी देत नाही." ज्यांना लागायचं त्यांना लागलं. तेव्हापासून अर्धा तास पाळतात. एकदा मोडला होता, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच येऊन सांगितलं.

आठ घरं, दर पाचव्या दिवशी पाणी. म्हणजे चाळीस दिवसांतून एक रात्र. बाकी सात पाळ्यांना पाणी येईपर्यंत तरी डोळा लागतो. अक्कांचा हजार तेव्हापासून भरतो.

रात्री १:२५

झोप येऊ नये म्हणून कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन बसलेय.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून १ फेब्रुवारीपासून पाण्याचीही नोंद ठेवली. तारीख, आलं किती वाजता, गेलं किती वाजता, दाब कसा, रंग कसा. आजवर २२ पाळ्या झाल्या. त्यातल्या १४ रात्री अकरा ते पहाटे पाच यांच्यामधल्या. सलग दोन पाळ्यांची वेळ जुळली असं फक्त तीनदा.

ही वही घेऊन आम्ही चौघी गेल्या आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, हे खरं. मग म्हणाले, "ताई, पाणी वाढलं की रोज देऊ, तोवर धीर धरा." मी म्हटलं, "साहेब, आम्ही आज जास्त पाणी मागायला आलेलो नाही. पाचव्या दिवशी द्या, पण वेळ सांगा. रात्री दोनला येणार असेल तर दोनला सांगा. आम्ही गजर लावून झोपू." त्यांना वाटलं आम्ही काहीतरी वेगळंच मागतोय. वही उलटसुलट चाळली, एक प्रत ठेवून घेतली, आवक शिक्का मारला. त्याला आज आठ दिवस झाले.

हे सासूबाईंना सांगितलं तर त्या भोंग्याचं बोलायला लागल्या. सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि सगळं गाव त्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा, तिसऱ्याच्या आत माणूस फाटकात. ज्याच्या घरात घड्याळ नव्हतं त्यालाही वेळ कळायची. १८७७ साली पहिली गिरणी, आपण तिला जुनी मिल म्हणतो ती, सुरू झाल्यापासून कितीतरी वर्षं या गावानं वेळेवर उठून काम केलं. "मालकाला माणूस वेळेवर हवा होता म्हणून भोंगा लावला त्यानं," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याला पाणी वेळेवर हवंय, तर आपल्यासाठी कोण लावणार भोंगा?"

मला त्यांचं बोलणं तेव्हापासून सोडत नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. त्यातल्या किती घरांत आत्ता, या मिनिटाला, एखादी बाई पातेल्याकडे कान लावून बसली असेल? उद्या त्यातली कुणी विड्या वळायला बसेल, कुणी शिलाईवर, कुणी पहिल्या तासाला वर्गात उभी राहील. सिद्धरामेश्वरांनी माणसं जमवून तळं खोदून घेतलं, असं आपण गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी पोरांना सांगतो. ज्या गावाचं दैवत पाण्याची सोय करणारं, त्या गावात पाण्याची वेळ सांगता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. वीज गेली, टाकी लांबली, तर एक मेसेज: 'आज दोन तास उशीर.' चावीवाल्या मामांना निरोप जातोच ना? तोच पुढं आमच्यापर्यंत यायला हवा.

शनिवारी परत जाणार आहोत. या वेळी मागच्या गल्लीतल्या बायाही येतायत. त्यांनीही वही सुरू केलीय.

रात्री २:०५

गल्लीतल्या बाकीच्या गोष्टी: ड्रेनेजसाठी खोदलेला चर अजून बुजवलेला नाही, कडेला दगड मांडून ठेवलेत. खांबावरचा दिवा लागला. वहिनींच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, उद्या पेढे.

रात्री २:३०

मास्तरांच्या खिडकीत उजेड दिसतोय. जागे आहेत. काल सांगितलं होतं त्यांना, झोपा निवांत, मी आहे. तरी जागेच. सवय लवकर सुटत नाही, आणि एकदा चुकलेलं पाणी माणूस विसरत नाही.

दुरून, मारुतीच्या देवळाकडून आवाज आला कुणाचा तरी, "नीळ्ळू वच्चिनय!" तेलुगूत, पाणी आलं. म्हणजे वरच्या गल्लीत सोडलं. आमच्याकडे यायला अजून सात-आठ मिनिटं. आधी नळीतली हवा येईल.

२:३८. फुसफुसतोय.

पातेलं वाजलं. रंग पिवळट, दाब बरा. आधी भाभीचं दार, तिचं घर शेवटचं. मग अक्का. मग वर मास्तरांना त्यांच्या कन्नडमध्ये हाक मारून सांगायचं, नीर बंतु, पाणी आलं, उतरू नका.