तेरावा रिचार्ज

महिन्याची लांबी ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे फार थोड्यांना होता. सूर्याला होता, चंद्राला होता आणि या दोघांचा मेळ घालून देणाऱ्या पंचांगकर्त्यांना होता. बाकी सगळ्यांनी तो महिना निमूटपणे मान्य केला. पगार, घरभाडे, सोसायटीचा मेन्टेनन्स, पेपरवाल्याचे बिल आणि कॅलेंडरच्या चौकटीत मांडलेले दुधाचे खाडे हे सारे त्या महिन्याच्या आधारानेच चालत आले. मोबाइल कंपन्यांनी मात्र स्वतःचा निराळा महिना काढला. तो २८ दिवसांचा असतो. फेब्रुवारीत तो आपल्या महिन्याशी जुळतो आणि एरवी दर खेपेला दोन-तीन दिवसांनी आपल्या पुढे सरकत राहतो.

या महिन्याचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. १ जानेवारीला रिचार्ज केला, तर दुसरा रिचार्ज जानेवारीतच, २९ तारखेला करावा लागतो. असे करत करत वर्षात तेरा रिचार्ज होतात आणि तेराव्याची मुदत ३० डिसेंबरला संपते, कारण तेरा अठ्ठावीस म्हणजे ३६४. राहिलेला एक दिवस नेमका ३१ डिसेंबरचा. ज्या रात्री सगळ्या जगाला शुभेच्छा द्यायच्या असतात, त्या रात्री फोन चालू हवा असेल तर चौदावा रिचार्ज करा. एसएमएसच्या काळात सणावाराला आणि नववर्षाच्या आदल्या रात्री स्वस्त संदेशांचा पॅक चालत नसे. त्या दिवसांना ‘ब्लॅकआउट डे’ म्हणत. त्या परंपरेला हे गणित शोभून दिसते.

तेराव्या महिन्याचे मराठी माणसाला तसे नावीन्य नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे, त्यामुळे दरवर्षी सुमारे अकरा दिवसांचा फरक पडतो आणि तो भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास धरतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. हा धोंड्याचा महिना घरखर्चात भर घालतो हे खरे. जावयाला बोलवावे लागते, तेहतीस अनारसे द्यावे लागतात, आणि मुळातच ओढाताण असलेल्या घरात ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणायची पाळी येते. तरी त्या महिन्यामागे ऋतू जागेवर ठेवण्याची गरज आहे; तो धरला नाही तर काही वर्षांत दिवाळी पावसाळ्यात येईल. कंपन्यांचा तेरावा महिना तीन वर्षांनी न येता दरसाल येतो आणि तो नसता तर कोणताही ऋतू जागचा हलला नसता.

हे सारे पूर्वीपासून असेच नव्हते, आणि मला त्या मधल्या काळाची आठवण अधिक रंजक वाटते. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतल्या संचार भवनात केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा ज्याला फोन आला त्यालाही पैसे पडत, त्यामुळे मोबाइल असणारी माणसे आलेला फोन पाहून तो न उचलता जवळच्या पीसीओकडे चालू लागत. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले आणि मोबाइल खऱ्या अर्थाने घराघरांत शिरला. पाठोपाठ मिस्ड कॉलची एक अख्खी भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे खाली ये, आणि वाजतच राहिला तर समजावे की खरोखरच काही काम आहे आणि उचलावे. पैसा न खर्चता निरोप पोचवण्याची ही कला कोणत्याही कंपनीने शिकवली नव्हती.

त्या काळात रिचार्ज ही पानपट्टीवर किंवा किराणा दुकानात मिळणारी वस्तू होती. कूपनावरचा रुपेरी थर नाण्याने खरवडायचा, खालचे लांबलचक आकडे दाबायचे आणि ‘फुल टॉकटाइम’ कधी मिळतो याची चौकशी करत राहायचे. आजच्या दहा रुपयांच्या टॉपअपमध्ये कर आणि प्रक्रिया शुल्क जाऊन ७ रुपये ४७ पैसे हाती येतात, हे वाण्याच्या पोरालाही तोंडपाठ असते. २००५ च्या अखेरीस तर ‘लाइफटाइम’ योजना आल्या. हजारेक रुपये एकदाच भरा आणि जन्मभर इनकमिंग घ्या, अशी ती जाहिरात होती. हा जन्म ग्राहकाचा नसून कंपनीच्या परवान्याचा, म्हणजे परवान्याची मुदत असेल तोपर्यंतचा, हा खुलासा मागाहून झाला. तरीही कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांनी ते हजार रुपये भरून वर्षानुवर्षे निर्धास्तपणे फोन वापरला.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली, डेटाचे भाव कोसळले, बऱ्याच कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या, आणि उरलेल्या कंपन्यांनी हिशोबाची वही नव्याने उघडली. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी ३५ रुपयांपासून पुढे, २८ दिवसांचे किमान रिचार्ज आणले. तो केला नाही तर आधी आउटगोइंग बंद आणि काही दिवसांनी इनकमिंगही बंद. खात्यात पैसे शिल्लक असलेल्या ग्राहकांची सेवा तोडू नका, असे तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, कंपन्यांना सांगावे लागले होते. पण मुळातला बदल झाला तो झालाच. जो फोन एकदा विकत घेतला की आपला होता, त्याच्या नंबरावर भाडे सुरू झाले आणि त्या भाड्याचा महिना घरमालकाने ठरवला.

२८ हाच आकडा का? एक खुलासा निरुपद्रवी आहे. २८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे. त्यामुळे मंगळवारी केलेला रिचार्ज पुन्हा मंगळवारीच करावा लागतो. ज्यांची मजुरी आठवड्याला मिळते आणि ज्यांची खरेदी आठवडी बाजाराच्या दिवशी होते, त्यांच्या आयुष्याशी हा महिना कॅलेंडरच्या महिन्यापेक्षा जास्त जुळतो. हा युक्तिवाद मला मान्य आहे, फक्त कंपन्यांनी तो विचार करून हा आकडा निवडला असेल यावर माझा विश्वास नाही. दुसरा खुलासा बिस्किटाच्या पुड्याचा आहे. पाच रुपयांचा पुडा सहा रुपयांना केला तर गिऱ्हाईक बोंब मारते; पाच रुपये तसेच ठेवून आतली दोन बिस्किटे कमी केली तर कोणी पुडा मोजायला बसत नाही. समजा, २८ दिवसांच्या प्लॅनची किंमत १९९ रुपये आहे. दिवसाला ७ रुपये ११ पैसे झाले. याच भावाने ३० दिवसांचे २१३ रुपये होतात, आणि २१३ हा आकडा जाहिरातीत १९९ इतका गोड दिसत नाही. एकदा २८ रुळला की त्याची पिलावळही त्याच घराण्यातली निघते. ५६ दिवस, ८४ दिवस आणि वर्षभराचा वाटावा असा ३३६ दिवसांचा प्लॅन, म्हणजे बारा अठ्ठावीस. वर्षाचा प्लॅन घेतला म्हणून सुस्कारा सोडणारा माणूस वर्ष संपण्याच्या २९ दिवस आधीच पुन्हा दुकानात हजर होतो. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तेराव्या रिचार्जमध्ये सरकारचाही वाटा असतोच.

ट्रायने हे पाहिले नाही असे नाही. मोबाइलचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे; ट्राय सहसा त्यात पडत नाही, कंपन्यांनी नवे दर जाहीर केले की ते कळवावेत एवढीच अपेक्षा असते. तरीही वर्षात तेरा रिचार्ज करावे लागतात अशा तक्रारी वाढल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तिने आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि निदान एक प्लॅन दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवावा, असा तो आदेश. त्यातले एक कलम मला विशेष आवडते. रिचार्ज ३१ तारखेचा असेल आणि पुढच्या महिन्यात ३१ तारीखच नसेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. जे काम हजारो वर्षे पंचांगकर्ते करत आले, ते दिल्लीतल्या कोण्या अधिकाऱ्याने सरकारी इंग्रजीत एका ओळीत करून टाकले.

आदेश पाळला गेला, प्लॅन आले आणि तिथेच विषय संपला. कारण ‘निदान एक’ म्हटले की कंपनी एकच आणते आणि तो कुठे ठेवायचा हे तिच्या हातात राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिचार्जचे दुकान आहे. तिथल्या मुलाला मी ३० दिवसांचा प्लॅन मागितला तेव्हा तो आधी गोंधळला, मग फोनवर बराच वेळ बोट फिरवत म्हणाला, “आहे मॅडम, खाली आहे. पण हा कोणी घेत नाही. तुम्ही ८४ चा घ्या ना, परवडतो.” त्यात त्याचा दोष नाही. ॲप उघडल्यावर वर झळकतात ते ‘लोकप्रिय’ प्लॅन, आणि जे वर झळकतात तेच लोकप्रिय होतात. नियमाने पर्याय निर्माण केला. तो नजरेस पडेल याची सोय मात्र नियमात नव्हती.

रोजच्या डेटाबद्दल फार बोलत नाही. दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळते, बहुतेक प्लॅनमध्ये उरलेले मध्यरात्री गडप होते आणि ते पुढच्या दिवसाला जोडले जात नाही. रात्री साडेअकराला ‘अजून अर्धा जीबी आहे’ म्हणून निरर्थक व्हिडिओ पाहणाऱ्या माणसाला आपण काही वसूल केले असे वाटते, ते वाटू द्यावे.

हा सारा त्रास शहरातल्या पगारदाराला किरकोळ वाटेल, आणि तो आहेही. माझी एक आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका गावात एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. डेटा तिला नको आणि तिच्या फोनला तो पेलवणारही नाही. पूर्वी ती दोन-चार महिन्यांनी दहा-वीस रुपये टाकी आणि लेकांचे फोन आरामात येत. आता फोन उचलला की आधी मुदत संपत आल्याची हिंदी सूचना ऐकू येते आणि ती म्हणते, “अगं, मी कुणाला फोन करीत नाही, मला कशाचे पैसे?” नंबर सोडून द्यावा तर तोही सोडता येत नाही. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, गॅस सिलिंडरचा कोड त्यावर येतो, आधार त्याला जोडलेले आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागत होता. दरमहा दीड हजार रुपयांच्या त्या योजनेसाठी कित्येक बायांनी आधी रिचार्ज केला आणि मग सेवा केंद्रापुढे रांग लावली. वापर नसल्याने बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात जाऊ शकतो, आणि आपल्या खात्याचे निरोप मग त्याच्याकडे.

इथे ट्रायचा एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल, तर ९० दिवस वापर झाला नाही एवढ्या कारणाने प्रीपेड नंबर बंद करता येत नाही. हा नियम दशकाहून जुना आहे. नंबर जिवंत ठेवण्यापुरता तो उपयोगी आहे. फोन खणखणावा असे वाटत असेल तर प्लॅन लागतोच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक पाऊल टाकले. ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे व्हाउचर कंपन्यांनी काढावे, आणि अशा खास व्हाउचरची कमाल मुदत ९० ऐवजी ३६५ दिवस असावी. आत्यासाठी हा नियम म्हणजे जणू तिच्याच तक्रारीवरून काढलेला. व्हाउचर आलेही. पण ते बहुतेक एकरकमी, हजाराहून अधिक रुपयांचे किंवा ८४ दिवसांचे. दहा-वीस रुपयांची सवय असलेल्या हाताला ते जड जातात.

२८ दिवसांवर बंदी घालावी असे मला वाटत नाही. आठवड्याने जगणाऱ्याला चार आठवड्यांचा प्लॅन हवा असेल तर तो असावा, आणि भारतातला डेटा जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा स्वस्त आहे हेही नाकारण्यात अर्थ नाही. माझे मागणे त्याहून लहान आहे. बंद पाकिटातल्या मालाच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि बिस्किटाच्या पुड्यावर, तेलाच्या पिशवीवर, साबणावर दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमत छापणे बंधनकारक झाले. बारीक अक्षरात असते, पण असते. रिचार्जच्या प्रत्येक प्लॅनपुढे दिवसाची किंमत अशीच लिहायला लावली तर कोणाचे काय बिघडेल? १९९ च्या पुढे ७ रुपये ११ पैसे, ८४ दिवसांच्या पुढे त्याची, ३३६ च्या पुढे त्याची आणि तळाशी दडलेल्या ३० दिवसांच्या पुढेही त्याची. आत्या बाजारात मेथीच्या दोन जुड्या हातात तोलून त्यांतली कोणती मोठी ते सांगते. तिला ८४ ने भागाकार करायला लावण्यापेक्षा तो दुकानातल्या मुलाच्या फोनवर आधीच केलेला असला, तर कोणता प्लॅन घ्यायचा हे तिचे ती पाहील, आणि त्या मुलाला ‘तुम्ही हाच घ्या’ म्हणण्याची गरज पडणार नाही.